रेणूतला एक बंध बदलला की नशा कुठे जाते?

फळा_खडू (डिचोली)

मी हायर सेकंडरीत रसायनशास्त्र शिकवतो. अकरावीत रासायनिक बंधांचं प्रकरण येतं. भुरगी सिग्मा-पाय पाठ करतात, हायड्रोजन बंधाची व्याख्या घोकतात आणि पेपर झाला की सोडून देतात. बारावीच्या पुस्तकात पूर्वी 'दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र' होतं. त्यात शांतक औषधं होती, वेदनाशामक होती. २०२२-२३ च्या कपातीत ते प्रकरणच गेलं. आता बंध शिकायचे, पण त्या बंधांमुळे माणसाच्या डोक्यात काय घडतं याचा उल्लेखसुद्धा नाही.

एक उदाहरण देतो. गांजाच्या झाडात टीएचसी आणि सीबीडी हे दोन रेणू असतात. दोघांतही २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. वजन तेच. फरक एवढाच की टीएचसीत एका ऑक्सिजनने पलीकडच्या कार्बनशी बंध जोडून तिसरं कडं बंद केलंय. सीबीडीत ते कडं उघडं आहे आणि ऑक्सिजनवर हायड्रोजन आहे. पहिल्याने नशा चढते, दुसऱ्याने चढत नाही.

प्रश्न असा: रेणूची रचना कागदावर काढून दिली, तर तो मनावर परिणाम करील की नाही हे बंध पाहून सांगता येतं का? किती खात्रीने? वर्गात काढता येतील अशी उदाहरणं हवीत. टीएचसी फळ्यावर काढलं तर दुसऱ्या दिवशी पालक हजर होतील.

सदाशिव_पेठ_२

गोव्यातून हा प्रश्न यावा यात नवल ते काय ;)

हडफड्याची_बाय

@सदाशिव_पेठ_२, आमच्याकडे शनिवारी रात्री जे धिंगाणा घालतात त्यांच्या गाड्यांचे नंबर एकदा येऊन बघा. एमएच १२ आणि एमएच १४ मोजता मोजता दमाल. आम्ही सोमवारी सकाळी भाजी-पाव खाऊन कामावर जातो.

सदाशिव_पेठ_२

शरण. वाचतोय.

संपादक_मंडळ

धागा चांगला आहे, तसाच राहू द्या. कृती, मात्रा, 'कुठे मिळतं' यांतलं काहीही दिसलं तर प्रतिसाद न विचारता उडवला जाईल.

वेर्णा_शिफ्ट_बी

औषधाच्या कारखान्यात क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे. सरांच्या प्रश्नात दोन वेगळे बंध एकत्र आलेत, ते आधी सुटे करू.

पहिला, रेणूच्या आतला सहसंयुज बंध, म्हणजे दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात तो. कार्बन-कार्बनचा एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. शरीराच्या उष्णतेने तो तुटत नाही, म्हणून रेणूचा सांगाडा आणि आकार टिकतो.

दुसरा, रेणू आणि मेंदूतलं रिसेप्टर (पेशीवरचं प्रथिन, ज्याच्या खोबणीत रेणू बसला की पेशीला निरोप जातो) यांच्यामधला. हा बहुतेक वेळा सहसंयुज नसतोच. हायड्रोजन बंध, भारांचं आकर्षण, व्हॅन डर वाल्स (अगदी जवळ आलेल्या अणूंमधली क्षीण ओढ), पाण्यापासून दूर पळणाऱ्या भागांची जवळीक, असं सगळं मिळून. एकेक हायड्रोजन बंध ढोबळमानाने १० ते ३० किलोज्यूलचा. एकटा असता तर क्षणभरही टिकला नसता, पण पाच-सात एकदम जुळले की रेणू थांबतो. थांबतो आणि सुटतोही. सुटतो म्हणूनच कॉफी उतरते आणि भूल दिलेला माणूस जागा होतो.

आता शरीरात निरोप नेणारी सेरोटोनिन, डोपामिन, ॲड्रेनलिन आणि त्यांच्या जागी बसणारी असंख्य औषधं घ्या. जवळजवळ सगळ्यांत एक नायट्रोजन सापडतो. शरीराच्या पीएचला तो एक प्रोटॉन उचलून धन होतो. समोर रिसेप्टरमध्ये ॲस्पार्टिक आम्लाचा ऋण भार ठरलेल्या जागी बसलेला असतो. हे दोघे धरले की बाकीचा रेणू आपापल्या खोबणीत सरकतो. वर्गात सांगायचं तर आयनिक बंध फक्त मिठात नसतो, तो इथेही आहे.

कॅफीनचं गणित वेगळं. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन साचतं आणि झोप आणतं. कॅफीनची दोन कडी ॲडेनोसिनच्या कड्यांसारखीच, म्हणून ते त्याच जागेत बसतं. पण रिसेप्टर चालू करत नाही, नुसती जागा अडवतं. त्यातले तीन मिथाइल गट काढा पाहू मुलांकडून. ते हायड्रोजनच्या जागी आले आहेत, म्हणजे पाण्याशी हायड्रोजन बंध करणारे हात कमी झाले आणि रेणू स्निग्ध पडद्यातून सहज पार होतो. कोकोतल्या थिओब्रोमिनमध्ये मिथाइल दोनच. ते मेंदूवर बरंच कमी काम करतं.

चिंचेचो_झाड

क्यूसीवाल्यांना असा वेळ मिळतो होय? बरं लिहिलंय, भाऊ. पण सर, सगळं रिसेप्टरवर नेऊ नका. त्याआधी दार आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि भारित रेणूला आत सोडत नाहीत. डोपामिन टोचलं तरी मेंदूत पोचत नाही. कंपवाताच्या रोग्याला म्हणून एल-डोपा देतात. ते अमिनो आम्ल असल्यामुळे वाहक प्रथिन त्याला आत ओढून घेतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. आपल्या कुंपणावरच्या खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असतं.

निवृत्त_कंपाउंडर (म्हापसा)

सरांना घरातली उदाहरणं पाहिजेत ना, मी देतो. चाळीसेक वर्षं औषधं पुड्यांत बांधली आहेत.

अविल घेतली की गुंगी येते हे सगळ्यांना माहीत. सर्दी-खाजेवर तीच गोष्ट सेटिरिझिन करतं, झोप मात्र कमी. का? सेटिरिझिनला एका टोकाला कार्बोक्झिल गट आहे. रक्तात तो ऋण, नायट्रोजन धन. दोन्ही भार एकाच रेणूवर. असा रेणू मेंदूच्या भिंतीतून फारसा जात नाही. गंमत म्हणजे हायड्रॉक्झिझिन नावाचं जुनं झोपाळू औषध शरीरात गेलं की यकृत त्याच्या टोकाच्या अल्कोहोलचं आम्ल करतं, आणि तेच सेटिरिझिन. यकृताने दाखवलेली वाट कारखान्याने धरली.

दुसरं. पोटात मुरडा आला की बस्कोपॅन देतात. तो हायोसिनचाच भाऊ. हायोसिन म्हणजे स्कोपोलामिन, धोतऱ्यातलं. माणसाला भ्रमात टाकतं, बडबड करायला लावतं. त्याच्या नायट्रोजनला तीन बंध. तिथे चौथा ब्युटिल गट जोडला की नायट्रोजन कायमचा धन होतो, प्रोटॉन सोडून विनाभार व्हायची सोय राहत नाही. बस, मेंदूचं दार बंद. आतड्याची ओढ तेवढी सुटते, डोकं ठिकाणावर राहतं. एक बंध जादा आणि मन बदलणारं औषध पोटापुरतं उरलं.

हडफड्याची_बाय

मला सेटिरिझिननेही झोप येते. खोटं बोलत नाही, ऑफिसात डुलक्या काढल्या आहेत.

निवृत्त_कंपाउंडर

येते गो बाय, काहींना येते. मी 'कमी' म्हटलं, 'नाही' म्हटलं नाही. डॉक्टरला विचार, फेक्सोफेनाडिन देतील. ते त्याहून कमी आत जातं.

वेर्णा_शिफ्ट_बी

@निवृत्त_कंपाउंडर काका, बस्कोपॅनचं उदाहरण लाखात एक. थोडी भर घालतो. अविलचाही नायट्रोजन रक्तात बहुतांशी धनच असतो. मग ती आत कशी जाते, असं मुलं विचारतील. उत्तर समतोलात आहे: काही थोडे रेणू कुठल्याही क्षणी विनाभार असतात. ते पार गेले की मागचे प्रोटॉन सोडून त्यांची जागा घेतात. चौथा सहसंयुज बंध झालेल्या नायट्रोजनला हा मार्गच नाही.

तंबाखू_सोडलेला

हे वाचून चुना आठवला. आमचे आजोबा तळहातावर तंबाखू मळायचे, चुना लावून अंगठ्याने. चुना कशाला, तर 'किक येते' एवढंच उत्तर मिळायचं. ते हेच का?

वेर्णा_शिफ्ट_बी

तेच. निकोटिनचा नायट्रोजन आम्लात प्रोटॉन धरतो, चुन्याच्या अल्कलीत सोडतो. विनाभार निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात जातं. कॅन्सरचा धोका तसाच राहतो, व्यसन मात्र घट्ट होतं. विड्याच्या सुपारीत चुना आणखी एक काम करतो: ॲरेकोलिनमधला इस्टर बंध तोडून त्याचं ॲरेकाइडिन करतो. आणि तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे, हे सगळे विसरतात.

भाटकार_सत्तरी

तुमचे नायट्रोजन राहू द्या. आमच्या नशेत नायट्रोजन नाहीच! दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. काजूचा नीरो आंबवायचा, भाटीवर चढवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. तीव्रता ग्रावात मोजतात, फेणी १९-२० ग्रावाची. २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाली. आता सांगा क्यूसीवाले, आमच्या इथेनॉलचा रिसेप्टर कुठला?

वेर्णा_शिफ्ट_बी

@भाटकार_सत्तरी, इथेच खरी गंमत आहे. इथेनॉल एवढंसं आहे की कुठल्याही खोबणीत त्याला घट्ट धरायला काही नाही. एक ओएच गट, त्याचे दोन-तीन हायड्रोजन बंध, मागे छोटी स्निग्ध शेपटी. मेंदू शांत करणाऱ्या गॅबाच्या रिसेप्टरचा जोर वाढवतं, उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटच्या एका रिसेप्टरचा कमी करतं, पण सगळीकडे ढिलं बसतं. म्हणून ते ग्रॅमांनी लागतं. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. औषधांच्या हिशेबात हा प्रचंड आकडा. उलट टोकाला भ्रम घडवणारं एलएसडी. आल्बर्ट हॉफमनने १९३८ मध्ये बनवलं, १९४३ मध्ये परिणाम कळला. ते मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. २०१७ मध्ये सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरमध्ये बसलेल्या एलएसडीची स्फटिक-रचना प्रसिद्ध झाली, त्यात दिसलं की रेणू आत गेल्यावर प्रथिनाची एक कडी झाकणासारखी वर येते. म्हणून ते तासन्‌तास सुटत नाही. तिथेही सहसंयुज बंध नाही हं, सगळे दुबळेच बंध, पण जागच्या जागी.

सर, हे वर्गात चालेल: जितके दुबळे बंध जास्त आणि नेमके, तितकी मात्रा कमी. ढोबळ नियम आहे, पण टिकतो.

भाटकार_सत्तरी

म्हणजे आमचं पेय ढिलं. बरं झालं, घट्ट असतं तर दुसऱ्या दिवशी भाटीवर कोण आलं असतं.

मळ्यातली_डॉक्टर (पणजी)

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट, कारण अधूनमधून बातम्या येतात. इथेनॉलमधून एक कार्बन कमी केला की मिथेनॉल. वासाने, चवीने ओळखू येत नाही, नशाही साधारण तशीच. पण तेच एन्झाइम इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड, पुढे फॉर्मिक आम्ल. दृष्टीची नस जाते, माणूस जातो. विषारी दारूच्या बहुतेक दुर्घटना या एका कार्बनच्या आहेत. स्वस्तातली, सुटी, बिनलेबलची प्यायल्यावर धूसर दिसू लागलं तर थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

आता सरांच्या प्रश्नावर. 'मनावर परिणाम करणाऱ्या रेणूत बंध हवेतच' हे सगळे गृहीत धरताहेत. लिथियम घ्या. गोळीत लिथियम कार्बोनेट असतं, पण रक्तात उरतो नुसता एक आयन. ना कडं, ना नायट्रोजन, ना सहसंयुज बंध. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केडने उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग दाखवला. बायपोलर आजारात ते आजही पहिल्या फळीतलं औषध आहे. उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर कमी, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. माझ्या ओपीडीत लोक विचारतात, 'डॉक्टर, हे बॅटरीतलं का?' हो, तेच.

चिंचेचो_झाड

लिथियमच्याही पुढे जातो. झेनॉन! निष्क्रिय वायू, कुणाशी बंध नाही, सुटा अणू. तरी भूल देतो. १९५१ मध्ये माणसावर शस्त्रक्रियेत वापरला. मोठा इलेक्ट्रॉन-ढग सहज हलतो, म्हणून प्रथिनाच्या स्निग्ध पोकळीत व्हॅन डर वाल्सच्या जोरावर बसतो. सरांच्या प्रश्नाची वाट लागली की नाही?

सदाशिव_पेठ_२

अणूही नको असेल तर तुमच्या पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे ना, आबे फारियाचा? कांदोळीचा माणूस, पॅरिसला जाऊन नुसत्या शब्दांनी लोकांना झोपवायचा. मोल शून्य, बंध शून्य.

हडफड्याची_बाय

अखेर काहीतरी बरं बोललात. आणि फारियाचं म्हणणंही तेच होतं: मेस्मरवाले म्हणतात तसा कुठला चुंबकीय द्रव वगैरे नसतो, झोप त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून येते.

जुनी_पोथी

अवांतर: गोव्यातला या विषयाचा इतिहास हिप्पींपासून सुरू होत नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात भांग, अफू आणि धोतरा यांवर वेगवेगळी प्रकरणं आहेत. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्यांचं नाव आहे. मेल्यानंतर १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्यांची हाडं उकरून जाळली, ते धर्मासाठी, पुस्तकासाठी नव्हे.

धोतऱ्याबद्दल कंपाउंडर काकांना जोडून: ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन या दोघांत फरक एका ऑक्सिजनचा. स्कोपोलामिनमध्ये तो दोन शेजारच्या कार्बनांना धरून तीन कोनांचं कडं करतो. तेवढ्याने जवळच्या नायट्रोजनची प्रोटॉन धरायची ओढ कमी होते, विनाभार रेणू वाढतात आणि मेंदूवर जोर वाढतो. शिवाय झाडागणिक, पानागणिक प्रमाण वेगळं. गणपतीवरच्या माटोळीत धोतऱ्याचं फळ बांधतात तेवढंच ठीक, लहान भुरगी ते तोंडात घालणार नाहीत हे बघा.

बारावी_सायन्स_ब

सर मी तुमच्याच वर्गातला आहे, नाव सांगत नाही. एक शंका. सूत्र तेच, बंधही सगळे तेच, तरी परिणाम वेगळा असं होतं का? म्हणजे आरसा-प्रतिमा.

निवृत्त_कंपाउंडर

होतं बाळा. खोकल्याच्या बाटलीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन वाचलं असशील. त्याची आरसा-प्रतिमा, लेव्होमेथॉर्फन, हे अफूच्या जातीचं जबर औषध. बंध एकूणएक तेच, फक्त डावं-उजवं. रिसेप्टर स्वतः डावखुऱ्या अमिनो आम्लांचं बनलेलं, म्हणून त्याला फरक कळतो. कागदावर सपाट रचना काढलीस तर दोघं एकच दिसतील, म्हणून सर पाचर आणि तुटक रेघ काढायला लावतात ते उगाच नाही.

मळ्यातली_डॉक्टर

अफूचं निघालंच आहे तर: मॉर्फिनच्या सांगाड्यातल्या नायट्रोजनवर साधा मिथाइल असतो. नॅलोक्सोनमध्ये तिथे तीन कार्बनांचा, दुहेरी बंधाचा ॲलिल गट आहे, सांगाड्यावर आणखीही थोडे बदल. ते त्याच जागी बसतं पण रिसेप्टर चालू करत नाही, उलट आधी बसलेल्या हेरॉइन-मॉर्फिनला बाहेर ढकलतं. श्वास थांबत आलेला माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो.

आणि वर कुणीतरी म्हटलं की हे बंध सुटतात. सगळेच नाही सुटत. नैराश्यावरची जुनी एमएओ-रोधक औषधं सेरोटोनिनसारखे रेणू मोडणाऱ्या एमएओ या एन्झाइमशी सहसंयुज बंध करतात, शरीराने नवं एन्झाइम बनवेपर्यंत परिणाम राहतो. म्हणून ती थांबवली तरी पुढचं औषध द्यायला साधारण दोन आठवडे थांबतात. त्यातलं पहिलं, इप्रोनियाझिड, हे मुळात क्षयाचं औषध. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या सॅनेटोरियममधले रोगी अचानक खूश दिसू लागले, तेव्हा लक्षात आलं.

चिंचेचो_झाड

सरांच्या मूळ प्रश्नाला अजून कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही. मी देतो, मग भांडा.

आत जाईल का, हे बंध पाहून बऱ्यापैकी सांगता येतं: भार, हायड्रोजन बंध करणारे गट, आकार. कुठल्या रिसेप्टरवर बसेल याचा अंदाज सांगाड्यावरून येतो. पण बसल्यावर माणसाला काय वाटेल, हे कागदावरून नाही सांगता येत. लिस्युराइड बघा. एलएसडीचाच सांगाडा, सेरोटोनिनच्या त्याच २ए रिसेप्टरवर घट्ट बसतं, आणि भ्रम होत नाहीत. कंपवात आणि अर्धशिशीवर वापरलं गेलं. एकाच रिसेप्टरला दोन रेणू किंचित वेगळे वळवतात आणि पेशीच्या आत पुढे वेगळे निरोप जातात, असं सध्याचं स्पष्टीकरण. ते रेणू बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वेर्णा_शिफ्ट_बी

भांडण नाही. फक्त 'बऱ्यापैकी' वर थोडा आक्षेप: लोपेरामाइड अफूच्या रिसेप्टरवर बसणारं, चांगलं स्निग्ध, कागदावर बघाल तर मेंदूत धावत जायला हवं. तरी जुलाबावरची साधी गोळी आहे, कारण मेंदूच्या भिंतीतला पंप त्याला उचलून परत रक्तात टाकतो. पंप रचनेत दिसत नाही.

फळा_खडू

सगळ्यांचे आभार. ठरलं. पुढच्या आठवड्यात फळ्यावर तीनच रचना: अविल, सेटिरिझिन, बस्कोपॅन. नावं न सांगता. प्रश्न: कुठलं घेऊन स्कूटर चालवू नये आणि का. झेनॉन आणि लिस्युराइड मी स्वतःपुरते ठेवतो.

@बारावी_सायन्स_ब, तू कोण ते कळलंय. उत्तर इथे लिहू नकोस.

बारावी_सायन्स_ब

लिहीत नाही सर. पण सेटिरिझिन घेऊनही हडफड्याच्या ताईंनी स्कूटर चालवू नये ना? मग दोन उत्तरं बरोबर धरणार का?

फळा_खडू

कारण लिहिलंस तर धरीन. अर्धा मार्क.

हडफड्याची_बाय

माझ्या डुलक्यांवर मार्क वाटताय, आणि तेही अर्धा?